कोळसा कन्व्हेअरचे सुरक्षा-रेट्रोफिट

औष्णिक वीज केंद्रातील चालू कोळसा कन्व्हेअरमध्ये (कोळसा वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यात) अपघात, धूळ व आग यांचा धोका कमी करण्यासाठी मागाहून केलेले बदल. नवा कन्व्हेअर उभारण्यापेक्षा हे काम किचकट. जागा आधीच ठरलेली असते आणि बंकरमध्ये (बॉयलरआधीच्या साठवण टाकीत) जितक्या तासांचा कोळसा शिल्लक असेल, तितकाच वेळ पट्टा बंद ठेवता येतो.

बहुतेक धोक्यांचे मूळ सांडलेल्या कोळशात सापडते. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडणारा कोळसा सोबत हवा ओढून आणतो. ती हवा स्कर्टच्या (पट्ट्याच्या कडांवरील आडोशाच्या) फटींतून धूळ घेऊन बाहेर पडते. परतीच्या पट्ट्याला चिकटलेली ओली भुकटी रोलरगणिक झडत राहते. टेल पुलीखाली (पट्ट्याच्या मागच्या टोकाच्या चाकाखाली) ढीग साचतो आणि कोणीतरी फावडे घेऊन चालत्या पट्ट्याखाली वाकतो. पट्टा आणि पुली यांच्या चिमटीत फावड्याचे पाते सापडले, की दांडा सोडायला अर्धा सेकंद लागला तरी सेकंदाला ३ मीटर वेगाचा पट्टा तोवर १.५ मीटर पुढे गेलेला असतो.

म्हणून नुसत्या संरक्षक जाळ्या बसवण्यापेक्षा सांडणेच थांबवणारे बदल अधिक मोलाचे. चूट (कोळसा पुढच्या पट्ट्यावर सोडणारी घसरण) वळणदार करून कोळशाचा झोत एकत्र ठेवला आणि पट्ट्याच्या दिशेने, त्याच्या वेगाशी जुळवून सोडला, की हवा कमी ओढली जाते व पट्ट्यावरचा मारही हलका होतो. पट्ट्याला झोल पडू नये म्हणून कोळसा पडतो तिथे रोलरऐवजी इम्पॅक्ट बेड (मार झेलणारी सलग बैठक) बसवतात. स्कर्ट लांब व उंच केला, की आतल्या हवेचा वेग मंदावून धूळ पुन्हा पट्ट्यावरच बसते. हेड पुलीवर (पुढच्या टोकाच्या चाकावर) एकापाठोपाठ दोन स्क्रॅपर (पट्टा खरवडणारी साधने) लावतात. ते रुळावरून बाहेर ओढून घेता आले, तर पाती बदलण्यासाठी चूटमध्ये उतरावे लागत नाही.

जाळ्या तरीही लागतातच. पण वंगणासाठी दर वेळी आठ बोल्ट काढायला लावणारी जाळी महिनाभरात भिंतीला टेकवलेली दिसते. ग्रीसची नळी जाळीबाहेर आणणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. पुल कॉर्डने (पट्ट्यालगतची आपत्कालीन दोरी ओढल्याने) मोटर बंद होते, पट्टा मात्र थोडा पुढे जाऊनच थांबतो. जाळीची जागा दोरी घेऊ शकत नाही.

धुळीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. इंधन, हवा आणि ठिणगी यांच्या जोडीला धूळ हवेत उधळली व जागा बंदिस्त असली, तर स्फोट होतो. पहिला भडका लहान असतो. त्याच्या धक्क्याने तुळयांवरची धूळ उडते आणि दुसरा स्फोट मोठा होतो. बंद गॅलरी (पट्ट्याभोवतीचा बांधीव मार्ग) बाहेरची हवा स्वच्छ ठेवते, पण बंदिस्त जागेची अट आत पूर्ण करते. त्यामुळे धूळसंकलकाला स्फोटदाब बाहेर सोडणारी झडप, तुळयांना धूळ न टिकणारा उतार, ज्वालारोधक पट्टा आणि बेअरिंगवर तापमान संवेदक असे बदल केले जातात. साचलेली धूळ दाबाच्या हवेने उडवून साफ करणे म्हणजे स्फोटाची तयारीच.

कोळसा बदलला की यंत्रणाही अपुरी पडते. अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्त्यांनंतर अनेक केंद्रे कमी गंधकाच्या पावडर रिव्हर खोऱ्यातील कोळशाकडे वळली. हा कोळसा ठिसूळ असून साठ्यात आपोआप तापतो; शिवाय उष्मांक कमी असल्याने तितक्याच विजेसाठी जुन्याच पट्ट्यांवरून जास्त माल न्यावा लागला.

दुरुस्तीच्या वेळी केवळ वीज तोडून भागत नाही. टेक-अपचे (पट्ट्याला ताण देणाऱ्या रचनेचे) टांगते वजन थांबलेल्या पट्ट्यालाही ताणून धरते आणि चढावरचा भरलेला पट्टा मागे घसरू शकतो. त्यामुळे वजन अडकवून ठेवण्याची सोय, पट्टा जखडणारे क्लॅम्प आणि उलट फिरणे रोखणारा होल्डबॅक हेही या कामाचेच भाग मानले जातात.