डेंग्यूचा डास गटारात नव्हे, कुंडीखालच्या ताटलीत
पुण्यात पावसाळा सुरू झाला की एक संदेश हमखास फिरतो: डेंग्यूचे डास गटाराच्या घाण पाण्यात होतात, त्यामुळे स्वच्छ सोसायटीत राहणाऱ्यांना भीती नाही. हा समज स्वाभाविक आहे, कारण गटारात डास खरोखरच असतात. मात्र ते प्रामुख्याने क्यूलेक्स जातीचे असून डेंग्यू पसरवत नाहीत. डेंग्यूचा विषाणू वाहून नेणारी एडिस इजिप्ती डासाची मादी पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे अशा ठिकाणी साचलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालते, आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणूनच नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भांडे आतून घासावे लागते. ही मादी चावते मुख्यतः दिवसा.

पडताळणी घरीच करता येते. ताटलीतले पाणी पांढऱ्या वाडग्यात ओतून उजेडात पाहावे. अळ्या असल्यास त्या वळवळत तळाशी जातात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. घट्ट जाळी बांधलेल्या बरणीत त्या काही दिवस ठेवल्यावर निघालेल्या डासाच्या पायांवर ठळक पांढरे पट्टे दिसले, तर तो बहुधा एडिस असतो. अर्थात, पट्टे दिसले म्हणून त्याच्यात विषाणू आहेच असे सिद्ध होत नाही. त्यासाठी सहसा मादीने आधी एखाद्या डेंग्यूबाधित व्यक्तीला चावलेले असावे लागते.