घाम, धान्य आणि दिवसाचे लक्ष्य : व्यायामाच्या उष्मांकांची पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळच्या फेऱ्या संपवून बाकावर टेकलेल्या मंडळींमध्ये अलीकडे एक संवाद वारंवार ऐकू येतो. मनगटावरचे घड्याळ शेजाऱ्यापुढे धरून एक निवृत्त शिक्षक म्हणतात, "तीनशे दहा जळले म्हणतंय, म्हणजे आज कुंदा चालतोय की हो." त्यांच्या मोबाइलमध्ये दिवसभरात खाण्याचे लक्ष्य १६०० उष्मांकांचे (कॅलरींचे) असते आणि फेऱ्या नोंदल्या गेल्या की ते आपोआप १९१० होते. हे ३१० उष्मांक खरोखर खायला मोकळे झाले का, हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर घड्याळात मिळत नाही. दिवसाच्या लक्ष्याचा आकडा आणि व्यायामाचा आकडा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी तयार झाले आहेत. ते एकाच वहीत कसे आले हे पाहिल्याशिवाय त्यांची बेरीज करणे धोक्याचे आहे.

श्रम आणि अन्न यांचा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. उष्मांक हा शब्द कोणाच्या कानावर पडण्यापूर्वीच येथील माणसांना त्या हिशेबाची झळ बसली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि कलादगी हे तेव्हाच्या मुंबई इलाख्याचे जिल्हे होरपळले. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहावरून जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरी खाली आणण्यात आली आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला एक पौंड धान्य व वर किरकोळ रोख एवढेच उरले. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांचा आक्षेप तर आजच्या आहारशास्त्राच्या भाषेत सहज सांगता येतो : स्वस्थ बसलेल्या माणसाला जगवणारे धान्य कष्ट करणाऱ्याला जगवू शकत नाही. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम ज्वारी, आणि तिच्यात साधारण १५०० उष्मांक असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या मानांनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला जड श्रमाच्या दिवशी ३४७० उष्मांक लागतात. तेव्हाचे मजूर वजनाने हलके होते हे धरले तरी तूट भरून येत नाही. आज वजन उतरवण्यासाठी आपण मोबाइलमध्ये जे लक्ष्य हौसेने घालतो, जवळपास तेवढ्यावर त्या माणसांकडून रस्ते आणि तलाव खोदून घेतले गेले, ही गोष्ट या विषयावर लिहिताना मला बाजूला ठेवता येत नाही.

शास्त्रीय मोजमापाची कथा युरोपात सुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन असल्याचे आणि श्रम करताना माणूस अधिक ऑक्सिजन वापरत असल्याचे दाखवले. कॅलरी हा शब्द उष्णतेचे एकक म्हणून निकोला क्लेमाँ यांच्या १८२४ च्या सुमाराच्या पॅरिसमधील व्याख्यानांत आला. माणसावरचे निर्णायक प्रयोग अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात केले. सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशा बंदिस्त खोलीत माणसाला काही दिवस ठेवून त्याने खाल्लेले अन्न, सोडलेला श्वास आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा मेळ घातला जाई. कधी त्याला आत विश्रांती घ्यायला लावीत, तर कधी सायकल चालवायला. पिष्ट पदार्थ आणि प्रथिने यांचे ग्रॅमला चार व स्निग्ध पदार्थांचे नऊ उष्मांक हे आज बिस्किटाच्या पुड्यावर दिसणारे गणित त्याच कामातून आले. पुढे १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या डग्लस यांनी उच्छ्वास साठवणारी पिशवी तयार केली. ती पाठीवर बांधून माणूस चालू शकत होता, त्यामुळे मोजमाप खोलीतून बाहेर पडले. विश्रांतीत शरीर किती उष्मांक खर्च करते याचे सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ मध्ये मांडले. हल्लीची बहुतेक ॲप लक्ष्य काढताना ते किंवा १९९० चे मिफ्लिन यांचे सूत्र वापरतात. दोन्ही सूत्रे अमेरिकी माणसांच्या मापांवर उभी आहेत. भारतीयांचा विश्रांतीचा खर्च आंतरराष्ट्रीय सूत्रांपेक्षा काही टक्के कमी येतो असे धरून आपल्या परिषदेने आपली माने बसवली होती. म्हणजे सुरुवातीचा आकडाच आपल्याला किंचित सैल मिळतो.

भारतात हे शास्त्र निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रुजले. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या तक्त्यांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. तेथे व्यायाम हा वेगळा रकाना नाही. माणसाचे संपूर्ण दिवसाचे जीवन बैठे, मध्यम किंवा जड यांपैकी एका वर्गात बसवले जाते आणि त्याचे श्रम आकड्यातच मुरलेले असतात. २०२० च्या मानांत पुरुषासाठी बैठ्या कामाला २११० आणि मध्यम कामाला २७१० उष्मांक आहेत, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६० आणि २१३० आहेत. दोन वर्गांतले हे पाचसहाशेंचे अंतर म्हणजेच दिवसभराच्या हालचालीची किंमत होय. ज्याने लक्ष्य ठरवताना "मी रोज फिरतो" म्हणून वरचा वर्ग निवडला, त्याने फिरण्याचे उष्मांक तिथेच घेतलेले असतात.

आपल्या तालमींतही हीच पद्धत होती. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातला वस्ताद पोराची मेहनत पाहून खुराक ठरवी. दूध, तूप, बदामाची थंडाई वाढवायची ती जोर-बैठका, लढती आणि हंगाम पाहून. आज शंभर बैठका जास्त झाल्या म्हणून आज संध्याकाळी तेवढे तूप जास्त, असा रोजच्या रोजचा व्यवहार नव्हता. हिशेब हंगामाचा असे, आणि आकडे न मोजताही तो शहाणपणाचा होता असे मला वाटते.

या विषयावरचा सर्वांत मोलाचा वाद मराठी माणसांमध्ये, पुण्यात झाला, आणि व्यायामाच्या उष्मांकांची चर्चा करताना त्याची आठवण कोणी काढत नाही याची खंत वाटते. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळू शकतील एवढा खर्च ही किमान पातळी धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये येत होती. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० व शहरासाठी २१०० उष्मांक धरले. खेड्यात श्रम अधिक म्हणून आकडा मोठा, हे त्यामागचे तर्कशास्त्र. त्यावर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध गावात जन्मलेले सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहून पुण्यात परतले होते. सरासरीला किमान मर्यादा मानणे चुकीचे आहे, कारण एकाच निरोगी माणसाची गरजसुद्धा स्थिर नसते, असे त्यांचे म्हणणे होते. ती दिवसागणिक आणि आठवड्यागणिक वरखाली होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत आपला खर्च स्वतः सावरून घेते, हे त्यांनी सैनिकी प्रशिक्षणार्थींच्या मोजमापांच्या आधारे मांडले. त्या तरुणांचे एका दिवसाचे खाणे आणि त्याच दिवसाचा श्रम यांचा मेळ बसत नव्हता, तो अनेक दिवसांच्या सरासरीतच दिसत होता. दांडेकरांनी हे मान्य केले नाही. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही बजावले की कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते तेव्हा त्याची किंमत कामाच्या ताकदीत आणि आरोग्यात मोजावी लागते. गरिबीच्या प्रश्नावर मला गोपालन यांचे म्हणणे अधिक पटते. मात्र पोटभर खाणाऱ्या माणसाने घड्याळाकडे पाहून रोज बेरीज-वजाबाकी करावी का, या प्रश्नावर सुखात्म्यांचे निरीक्षण नेमके लागू पडते.

व्यायामाचा सुटा आकडा दुसऱ्या वाटेने आला. पासमोर आणि ड्युर्निन यांनी १९५५ मध्ये निरनिराळ्या कामांच्या ऊर्जाखर्चाचा मोठा आढावा घेतला आणि १९९३ मध्ये बार्बरा एन्सवर्थ व सहकाऱ्यांनी शेकडो हालचालींची सूची प्रसिद्ध केली. त्या सूचीत प्रत्येक हालचाल विश्रांतीच्या किती पट आहे हे मेट या एककात दिलेले असते. एक मेट म्हणजे साधारणपणे किलोमागे तासाला एक उष्मांक. ही सूची संशोधकांना वेगवेगळ्या अभ्यासांची तुलना करता यावी म्हणून केलेली होती, एखाद्याच्या ताटातली भाकरी ठरवण्यासाठी नव्हे. २००५ मध्ये सुरू झालेल्या मायफिटनेसपालसारख्या ॲपनी व्यायामाचे असे आकडे दिवसाच्या लक्ष्यात मिळवण्याची रीत रूढ केली. भारतीय पदार्थ त्यात आणणारे हेल्दीफायमी हे ॲप २०१२ मध्ये बेंगळुरूत उभे राहिले. त्याच्या संस्थापकांपैकी एक तुषार वशिष्ठ यांनी त्याआधी २०११ मध्ये एका मित्रासह दिवसाला १०० रुपयांत आणि नंतर सरकारी दारिद्र्यरेषेच्या रकमेत जगून पाहण्याचा प्रयोग केला होता. दारिद्र्यरेषा आणि वजन उतरवणे ही उष्मांकांच्या हिशेबाची दोन टोके एका माणसाच्या आयुष्यात अशी जवळ आली.

आता मैदानावरचा आकडा तपासता येतो. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या आसपास वेगाने पाऊण तास चालला, तर साडेतीन मेटच्या हिशेबाने १८४ उष्मांक होतात. त्यातला एक मेट तो बाकावर बसूनही खर्च करणारच होता आणि तो लक्ष्यात आधीच धरलेला आहे. तो वजा केला की चालण्याची निव्वळ भर १३१ उरते. घड्याळाने ३१० दाखवले तर त्यावर कितपत विसंबावे? स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण ऊर्जाखर्चात सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. टांझानियातील हाड्झा या शिकारी-संकलक समाजाचा दिवसाचा एकूण खर्च शरीराचा आकार लक्षात घेता पाश्चात्त्य शहरी माणसांपेक्षा वेगळा नाही, हा मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्टझर यांचा २०१२ चा निष्कर्ष तर सुखात्म्यांच्या युक्तिवादाची आठवण करून देणारा आहे. व्यायाम वाढला की शरीर इतरत्र काटकसर करते असे पॉन्टझर यांचे मत असून ही काटकसर किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. व्यायाम हृदयाला, स्नायूंना आणि रक्तातील साखरेला हितकारक आहे, यावर मात्र मतभेद नाहीत.

ज्यांचे कामच हालचालीचे आहे त्यांची अडचण याहून मोठी आहे. बेळगावच्या वडगाव भागातील माझ्या ओळखीचा एक विणकर दिवसभर यंत्रमागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभा असतो, तुटलेला धागा गाठतो, कांडी बदलतो आणि पुन्हा पलीकडच्या मागाकडे वळतो. मुलाने दिलेले घड्याळ त्याला संध्याकाळपर्यंत नऊ हजार पावले दाखवते. ॲपमध्ये त्याने "मध्यम श्रम" हा वर्ग निवडला होता, आणि घड्याळ तीच पावले पुन्हा व्यायाम म्हणून मिळवत होते. "काका, एवढं कमी खाऊनसुद्धा काटा हलत का नाही?" असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही दोघांनी घड्याळाची जोडणी बंद केली, वर्ग तोच ठेवला आणि खाण्याची नोंद चालू ठेवली. दर रविवारी सकाळी चहाच्या आधीचे वजन तो मागाशेजारच्या भिंतीवर खडूने लिहितो, आणि लक्ष्य कमी-जास्त करायचे ते चार आकडे एकाखाली एक आल्यावरच.