मानसोपचार घेतलेला आणि कायद्याने मनोविकल: बंदुकीच्या परवान्यात या दोघांची गल्लत का होते

जावळी-पाटणच्या डोंगरात किंवा शिराळ्याच्या वरच्या अंगाला, चांदोलीच्या जंगलाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांच्यासाठी बंदुकीचा परवाना ही मिरवायची वस्तू नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतो. (परवाना असला तरी प्राणी मारायला वन विभागाची परवानगी वेगळी लागते, हे जाता जाता सांगतो.) दुसरा वर्ग माजी सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरीसारखी, घराघरातून सैनिक देणारी गावं असलेल्या सातारा जिल्ह्यात निवृत्तीनंतर बँकेत नाहीतर साखर कारखान्यावर गार्डची नोकरी धरणारे पुष्कळ, आणि बारा बोअरची बंदूक स्वतःच्या नावावर असेल तर ती नोकरी लवकर मिळते.

या दोन्ही वर्गांत एक भीती खोलवर बसली आहे: डोक्याच्या डॉक्टरकडे गेलो, कागदावर नाव आलं, की लायसन गेलं. या भीतीपायी माणसं वर्षानुवर्षं झोपेविना काढतात, पण सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीची पायरी चढत नाहीत. हे थांबायला हवं, कारण ही भीती दोन वेगळ्या गोष्टी एक समजण्यातून आली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मानसिक आजार असणं किंवा कधीतरी त्यावर उपचार घेतलेले असणं. दुसरी म्हणजे कायद्याच्या भाषेत मनोविकल (इंग्रजीत ‘अनसाउंड माइंड’) असणं. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 14 मध्ये परवाना नाकारण्याची कारणं दिली आहेत. अर्जदार मनोविकल आहे असं मानायला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे कारण असेल, तर परवाना नाकारायचा, असं त्यात म्हटलं आहे. कलम 9 तर अशा माणसाला जाणूनबुजून बंदूक विकण्यावरच बंदी घालतं. पण नैराश्याच्या गोळ्या घेणारा, पॅनिक अ‍ॅटॅकसाठी उपचार घेतलेला, बाळंतपणानंतर मन ढासळलेली बाई, यांपैकी कुणाचाही उल्लेख या कलमांत नाही.

मधली भिंत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने बांधली. त्याचं कलम 3 परवानाधारकांनी एकदा तरी वाचावं. एखाद्याला मानसिक आजार असल्याचं ठरलं, तरी तेवढ्यावरून तो मनोविकल आहे असा अर्थ निघत नाही. सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलेलं असावं लागतं. पूर्वी कधी उपचार घेतले किंवा रुग्णालयात दाखल झालो होतो, ही बाब विचारात घेता येते, पण आज तो माणूस आजारी आहे असं ठरवायला ती एकटी पुरत नाही. आणि दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर हा कायदा वरचढ ठरतो, असं कलम 120 सांगतं.

मग भीतीत काहीच तथ्य नाही का? आहे. कलम 14 मध्येच पुढे आणखी एक कारण आहे: अर्जदार ‘कोणत्याही कारणाने’ परवान्यास अयोग्य वाटणं. हा दरवाजा फार रुंद आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे निर्णय जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी म्हणून घेतात. मानसिक आरोग्याचा इतिहास खरोखर आड येतो तो बहुतेक इथे. आणि माझ्या मते तो कधीकधी यायलाच हवा.

समजा, दोघांच्याही कागदावर नैराश्य हाच आजार आहे. एक जण कराडजवळचा शेतकरी. पाच वर्षांपूर्वी द्राक्षं गेली, कर्ज झालं, वर्षभर गोळ्या घेतल्या, आता बरा आहे, डॉक्टरही तसं लिहून देतात. दुसऱ्याने गेल्या चार महिन्यांत गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या आहेत, रोज पितो, घरात मारहाण होते, बायको माहेरी गेली आहे. आजाराचं नाव एकच असलं तरी अधिकाऱ्याने बघायचं ते आजची स्थिती, वागणूक आणि व्यसन. दुसऱ्याला आज परवाना नाकारणं हा त्याच्यावर अन्याय नाही. ते त्याच्या घरच्यांचं आणि खुद्द त्याचं संरक्षण आहे.

व्यसनाचा मुद्दा लोक हलका धरतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, त्यात मानसिक आणि शारीरिक तंदुरुस्तीबरोबरच अर्जदार नशेच्या पदार्थांवर अवलंबून नाही, हे स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे नियमित उपचार घेणाऱ्यापेक्षा रोज संध्याकाळी अड्ड्यावर बसणाऱ्याने जास्त काळजी करावी. आपल्याकडे मात्र दारू ही सवय समजली जाते आणि गोळी हा कलंक.

खरी गडबड पोलीस चौकशीत होऊ शकते. कलम 13 प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. गावात विचारपूस होते, आणि भावकीतला कुणीतरी बांधाच्या भांडणाचा राग काढून म्हणतो, ‘त्याला मधी झटकं येत होतं, मिरजेला ठेवला होता.’ मिरजेला तो कशासाठी गेला होता हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. ऐकीव माहिती आणि डॉक्टरांचा कागद यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. परवाना नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताच्या कारणाने ती रोखली जाऊ शकतात, हा अपवाद. कलम 18 खाली अपीलही करता येतं. नकारामागे अशी ऐकीव गोष्ट असेल, तर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं आजच्या तारखेचं पत्र अपिलाला जोडा. उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या कायद्याने रुग्णाला दिला आहे, त्यामुळे ती किती उघड करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

पण गोपनीयता वेगळी आणि खोटं सांगणं वेगळं. प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या डॉक्टरने विचारलं आणि तुम्ही चालू गोळ्या लपवल्या, तर तुम्ही स्वतःच स्वतःचं नुकसान करता. महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम 17 खाली निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. बऱ्या झालेल्या नैराश्यावर बोट ठेवायला अधिकाऱ्याला कारणं द्यावी लागली असती. लपवाछपवीने ते काम सोपं होतं.

परवाना आधीपासून आहे आणि आजार नंतर आला, तर? 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षं झाली आहे, आणि 5 वर्षांत माणसाच्या आयुष्यात बरंच काही होतं. पीक जातं, पोरगं जातं. अशा काळात घरातली बंदूक हा सगळ्यात मोठा धोका असतो, कारण जिवावर उठणारा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि बंदुकीने केलेला प्रयत्न बहुधा मागे फिरण्याची संधी देत नाही. त्या दिवसांत परवाना सोडायची गरज नाही. शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला देता येतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत आपल्याकडे अनेकांनी ते जमा केलेलंच असतं. घरच्यांनी हा विषय काढायला संकोचू नये. पावती घ्यावी आणि उपचार सुरू करावेत. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय गाठता येतं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.