निळा धूर: रिंगा गेल्या की गाइड?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात ट्रॅक्टरनं निळा धूर टाकायला सुरुवात केली की निदान ठरलेलं असतं: "रिंगा गेल्या. इंजिन खोला." पारावरच्या म्हाताऱ्यापासून फिटरच्या हाताखालच्या पोरापर्यंत सगळ्यांचं एकमत. चार वर्षांपूर्वी आम्हीही ते ऐकलं आणि घरचा जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर चिखलणीच्या तोंडावर खोलला. लायनर (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती), पिस्टन, त्याच्याभोवतीच्या रिंगा, सगळं नवं. पावसाळा गेला, सुगी झाली, थंडी पडली. एका सकाळी बाबांनी सेल्फ मारला आणि गोठ्यापासून तुळशीपर्यंत तोच निळा पडदा. बाबा खाली उतरले, सायलेन्सरकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "अजून ऑइल खाऊलालाय की रे."

खात होताच. फक्त ते ऑइल खालून वर चढत नव्हतं, हेडातून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, खाली झिरपत होतं. आम्ही इंजिनचं पोट फाडलं होतं आणि दुखत होतं डोकं.

आधी रंगाचा घोळ मिटवू. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्याचा इथं संबंध नाही. पांढरा धूर डोळ्यांत झोंबत असेल आणि कच्च्या डिझेलचा वास मारत असेल, तर नोझल (डिझेल फवारणारी तोटी), टायमिंग (डिझेल सुटायची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाते तो दाब) बघायचं. पांढरा दिसणारा धूर हवेत लगेच विरत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडाखालच्या पॅकिंगवर, संशय. निळा धूर म्हणजे जळालेलं इंजिन ऑइल, तो अंगणात रेंगाळतो. उजेडाकडे तोंड करून बघितलं तर निळा आणि पांढरा सारखेच वाटतात. उन्हाकडे पाठ करा आणि धुरामागे झाडोरा किंवा काळपट भिंत येईल असं उभं राहा, मग निळी झाक लपत नाही.

आता हे ऑइल जळायच्या जागी पोहोचतं कसं? वाटा दोन.

पहिली खालून. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) फिरण्यानं ऑइल लायनरवर उडत असतं. पिस्टनची सगळ्यात खालची ऑइल रिंग ते खरवडून परत चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) पाठवते, वरच्या रिंगा जळालेला गॅस खाली येऊ देत नाहीत. रिंगा झिजल्या किंवा खाचेत चिकटल्या की दोन्ही कामं एकदम बिघडतात: ऑइल वर जातं आणि गॅस खाली येतो. ही दुसरी अर्धी गोष्ट विसरू नका, निदानाची किल्ली तिच्यातच आहे.

दुसरी वाट वरून. हेडावरच्या टॅपेट कव्हरखाली रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीला) ऑइल मिळत असतं. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते ती गाइड. ती आतून झिजून मोठी झाली की ऑइल दांडीवरून खाली ओघळतं. इनलेटचं (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं) गाइड गेलं असेल तर हवेबरोबर ते सिलिंडरमध्ये खेचलं जातं, एक्झॉस्टचं (धूर बाहेर सोडणाऱ्याचं) गेलं असेल तर थेट गरम मॅनिफोल्डमध्ये (हेडाला जोडलेल्या नळ्यांत) जाऊन जळतं. इथं गॅस खाली चेंबरमध्ये यायचं काही कारण नाही. कॉम्प्रेशनही जागेवर राहतं, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत असला तर.

म्हणून धुराचा रंग एकच असला तरी त्याची वेळ वेगळी. गाइडचा धूर ट्रॅक्टर थांबून राहिल्यानंतर येतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये ऑइल व्हॉल्व्हच्या पाठीवर साचतं, सकाळी पहिल्या पाच-दहा मिनिटांत भसाभसा जळतं आणि मग धूर जवळजवळ नाहीसा होतो. बराच वेळ आयडलवर ठेवून एकदम रेस दिली की पुन्हा एक लोट. रिंगांचा धूर कामात येतो. नांगर खोल लावा, उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चढाला लागा, इंजिन पूर्ण तापलेलं असताना निळी रेघ सोबतच चालते. जोडीला ओढ कमी झालेली आणि थंडीत सेल्फवर सेल्फ.

एक इशारा. "ॲक्सिलरेटर सोडल्यावर उतारावर धूर आला तर गाइड" हा नियम पेट्रोल गाड्यांचा आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) बंद झाला की जोराची ओढ तयार होते आणि गाइडमधून ऑइल खेचलं जातं. जुन्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये बहुतेक तसा थ्रॉटलच नसतो, म्हणून ही खूण इथं लंगडी. मात्र एअर क्लीनर चोंदला असेल तर ओढ वाढते, आणि थोडं झिजलेलं गाइडही मोठ्या झिजेसारखं वागायला लागतं.

माझी आवडती परीक्षा बिनपैशाची. इंजिन पूर्ण तापू द्या, आयडलवर ठेवा, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून उलटं तिथंच नुसतं ठेवा. आमच्या चुलत्यांचा ट्रॅक्टर हंगामभर कारखान्याला ऊस ओढतो. त्यांच्या इंजिनावर ते झाकण तव्यावरच्या फुटाण्यासारखं उडत होतं, आणि तोंडातून दर ठोक्याला फस्स-फस्स वाफ. हाच तो खाली आलेला गॅस. ब्रीदरच्या (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या) नळीखाली जुना पेपर धरला तर त्यावर ऑइलचे ठिपके. त्याउलट आमच्या ट्रॅक्टरवर झाकण जरासं थरथरलं, बस. थोडी वाफ चांगल्या इंजिनातही येते, तेवढ्यानं घाबरू नका.

चुलत्यांच्या रिंगा का गेल्या याचाही विचार झाला पाहिजे. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास इंजिन आयडलवर, टेपचा आवाज मोठा. बिनलोडचं थंड इंजिन डिझेल पूर्ण जाळत नाही, काजळी रिंगांच्या खाचेत बसते, रिंगा धरतात, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. तो ट्रॅक्टर नांगरानं कमी आणि रांगेत उभं राहून जास्त झिजला, असं माझं ठाम मत आहे. चुलत्यांना ते पटत नाही.

पाना हातात घेण्याआधी फुकटातले संशयित तपासा. ऑइल मोजायच्या काडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे का? काडीला डिझेलचा वास येतो का? फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, पातळी वाढते आणि धूर सुरू होतो. ब्रीदर मातीनं बुजला तर आतला दाब ऑइलला मिळेल त्या वाटेनं ढकलतो. आणि ऑइल बाथ एअर क्लीनरची (हवेतली धूळ ऑइलात धरणाऱ्या क्लीनरची) वाटी खुणेच्या वर भरली असेल तर इंजिन ते ऑइल सरळ पितं. हे साधं नाही: असं इंजिन स्टॉप ओढल्यावरही त्या ऑइलवर पळत सुटू शकतं, तेव्हा हवेची वाट फळी किंवा जाड पोत्यानं बंद करावी लागते. उघड्या हातानं ती झाकायची नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर कॉम्प्रेशन गेज. नोझल काढून, डिझेल बंद ठेवून, बॅटरी भरलेली असताना प्रत्येक सिलिंडर मोजा. आकडा मॅन्युअलशी जुळवा, पण सिलिंडरांमधला फरक त्याहून जास्त बोलतो. ज्याचा दाब कमी भरला त्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडून परत मोजा. दाब चढला तर रिंगा-लायनर, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती भरली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमचा म्हणजे चमचाच. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते की जास्त ऑइलनं आकडा खोटा चढतो, आणि फारच पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाइडचा संशय असेल तर मॅनिफोल्ड उतरवा. आमच्या हेडाचं दोन नंबरचं इनलेट पोर्ट (हवा आत जायचं भोक) काळ्या ओल्या राबडीनं माखलेलं होतं, बाजूची दोन कोरडी. हेड उतरवल्यावर फिटरनं व्हॉल्व्ह बोटभर उचलला आणि माझ्या हातात दिला. हलत्या दातासारखा डुलत होता. हे आधी बघितलं असतं तर लायनरचे पैसे वाचले असते.

रिंगांच्या बाबतीत पाहायचं ते असं. रिंग पिस्टनवरून काढून लायनरमध्ये सरळ ढकला आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पाती घाला. बोअर १०० मिमी असेल तर नव्या रिंगेला साधारण ०.३ ते ०.४ मिमी फट असते. १ मिमीची पाती सहज शिरली तर ती रिंग संपली. लायनरच्या वरच्या टोकाला, जिथं रिंगेची धाव संपते, तिथं नख फिरवा. पायरी लागली तर लायनरही झिजलाय, आणि नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे फाटक्या बनियनला नवी गुंडी.

कामाचा पसारा दोघांचा फार वेगळा. गाइड दाबून काढणं, नवं बसवणं, रीमर फिरवणं, सीट कापून व्हॉल्व्हला पेस्ट लावून घासणं. हे हेड एकटं बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या मशीन शॉपला नेऊन होतं, ट्रॅक्टर शेडातच उभा राहतो. परत आलेलं हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर रॉकेल ओता. पोर्टात पाझरलं तर तसंच परत पाठवा. रिंगांना मात्र चेंबर, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा जोड), सगळंच खोलावं लागतं. लायनर जुना ठेवणार असाल तर होनिंग करून आडव्या-तिडव्या बारीक रेघा उमटवून घ्याच, गुळगुळीत लायनरवर नवी रिंग बसत नाही. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका.

आणि नव्या रिंगांच्या ट्रॅक्टरला जपायचं म्हणून आठवडाभर आयडलवर घुरघुरवत ठेवतात, ते करू नका. रिंग लायनरवर बसते ती मागून गॅसचा दाब आल्यावर, आणि तो दाब लोडशिवाय येत नाही. पाणी-ऑइल तपासून गरम करा, मध्यम लोडला लावा, अधूनमधून रेस बदला. सुरुवातीच्या तासांत थोडा निळा धूर येईल. चुलत्यांचा ट्रॅक्टर नव्या रिंगा घातल्यावर तिसऱ्या दिवशी कल्टिव्हेटरला लावला, संध्याकाळपर्यंत सायलेन्सरचं तोंड कोरडं झालं होतं.