उचलेगिरी आणि कॉपीराइटभंग : ‘साभार’ लिहिल्याने नेमकं काय सुटतं?

उत्क्रांतीवरचं मराठी सादरीकरण उघडलं की शेवटच्या स्लाइडवर बहुतेक वेळा एक ओळ दिसते : ‘चित्रे व माहिती : गूगल साभार’. ही ओळ घातली की आपण सगळ्या आरोपांतून मोकळे, असा समज आहे. खरं तर ती एकाही आरोपातून सोडवत नाही. गूगल फक्त शोधून देतं. चित्र काढणारा, मजकूर लिहिणारा आणि त्याचा हक्क बाळगणारा, तिघेही वेगळे असू शकतात. म्हणजे श्रेय भलत्यालाच गेलं, आणि परवानगी कुणाचीच घेतली नाही.

आरोप दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. उचलेगिरी, विद्यापीठाच्या कागदांत वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मांडणं. कॉपीराइटभंग म्हणजे कायद्याने ज्याच्याकडे हक्क आहे त्याला न विचारता कामाची नक्कल, भाषांतर, रूपांतर किंवा प्रसार करणं. उचलेगिरीत वाचक किंवा परीक्षक फसतो, कॉपीराइटभंगात हक्कधारकाचा हक्क डावलला जातो. उचलेगिरीचा निवाडा विद्यापीठ, नियतकालिकाचा संपादक किंवा समव्यवसायी करतात. कॉपीराइटभंगाचा न्यायालय, कॉपीराइट कायदा १९५७ नुसार. उचलेगिरी टाळायला प्रामाणिक श्रेय पुरतं. कॉपीराइटभंग टाळायला तीनपैकी एक गोष्ट लागते : परवानगी, कायद्यातला अपवाद, किंवा हक्काची संपलेली मुदत. या तिघांत ‘साभार’ कुठेच नाही.

उत्क्रांतीचा विषय हा फरक समजायला फार सोयीचा आहे, कारण त्यात जुनी, मधली आणि नवी अशी तिन्ही प्रकारची सामग्री एकाच धड्यात लागते.

चार्ल्स डार्विन १८८२ साली वारला. १८५९ साली आलेल्या त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या मुख्य ग्रंथावर आज कुणाचाही हक्क नाही. त्यातली दोन पानं स्वतःच्या नावावर निबंधात घातली तर कॉपीराइटभंग होत नाही, पण ती शंभर टक्के उचलेगिरी आहे. त्या ग्रंथात एकच आकृती आहे, फांद्या फुटत जाणाऱ्या वंशवृक्षाची. ती घ्या, मोठी करा, मराठी नावं घाला, विका; कुणाला विचारायचं कारण नाही. फक्त ती डार्विनची आहे हे सांगा. मात्र ग्रंथाचं मराठी भाषांतर वापरणार असाल तर सांभाळा. भाषांतरकाराचा हक्क स्वतंत्र असतो आणि त्याची मुदत त्याच्या स्वतःच्या मृत्यूवरून मोजतात. मूळ मोकळं आहे म्हणून भाषांतरही मोकळं असेल, असं नाही.

कल्पनेच्या बाबतीत हा भेद आणखी ठळक होतो. १८३१ साली पॅट्रिक मॅथ्यू या स्कॉटिश लेखकाने जहाजबांधणीच्या लाकडावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या परिशिष्टात नैसर्गिक निवडीशी मिळतीजुळती मांडणी केली. डार्विनचा ग्रंथ आल्यावर एप्रिल १८६० मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या नियतकालिकात त्याने आपला अग्रक्रम सांगितला. डार्विनने त्याच महिन्यात तिथेच उत्तर देऊन तो मान्य केला, आणि १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत पूर्वसूरींचा ऐतिहासिक आढावा जोडून मॅथ्यूची नोंद घेतली. वाद श्रेयाचा होता आणि श्रेयानेच मिटवायचा होता. कॉपीराइटचा इथे संबंधच नव्हता, कारण कॉपीराइट कल्पनेवर नसतो. ती ज्या शब्दांत, रेषांत, मांडणीत उतरली त्यावर असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हेच सूत्र मांडलं. म्हणून सिद्धान्त समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिला तर कॉपीराइटची भीती नाही. पण तो कुणाचा हे दडवलं तर शब्द तुमचे असूनही ती उचलेगिरीच.

आता उलट बाजू. वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची रांग सगळ्यांना माहीत असते. ती रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने टाइम-लाइफच्या १९६५ च्या पुस्तकासाठी काढली. झॅलिंगर १९९५ साली वारला. भारतात लेखक वा चित्रकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून, ६० वर्षं हक्क टिकतो. म्हणजे या चित्रावरचा हक्क २०५५ अखेरपर्यंत चालेल. खाली मोठ्या अक्षरांत ‘चित्रकार : रुडॉल्फ झॅलिंगर’ लिहून ते पुस्तकात छापलं तर उचलेगिरी नाही, कॉपीराइटभंग मात्र आहे. नुसती रांगेची कल्पना घेऊन स्वतः वेगळ्या आकृत्या काढल्या तर चालतं. त्याच मुद्रा, तीच पावलं, तेच हात गिरवले तर नाही. (शिकवण्यासाठी ती रांग न घेतलेलीच बरी. उत्क्रांती एका सरळ रेषेत वानराचा माणूस करत नाही. डार्विनची मोकळी आकृती शास्त्रदृष्ट्याही जास्त बरोबर आहे.)

मुदतीचा हिशेब करताना लोक देश विसरतात. जे. बी. एस. हॉल्डेन हे उत्क्रांतीला गणिताचा पाया देणाऱ्यांपैकी एक. ते १९५७ मध्ये भारतात आले, १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. मोजणी १ जानेवारी १९६५ पासून, अधिक ६० वर्षं. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं स्वतंत्र लेखन भारतात १ जानेवारी २०२५ पासून मोकळं झालं. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची आहे, तिथे ते २०३४ अखेरपर्यंत बांधलेलं राहील. हॉल्डेनच्या निबंधाचं मराठी भाषांतर आज पुण्यात छापायला अडचण नाही. तेच लंडनच्या महाराष्ट्र मंडळासाठी तिथे छापायचं तर परवानगी लागेल. या हिशेबात चुकतं ते दोन ठिकाणी. एक, लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रसिद्धीच्या सालानंतर मोजतात, मृत्यूच्या नव्हे. दोन, सहलेखक असतील तर सर्वांत शेवटी वारलेल्याचं वर्ष धरतात.

फुकट मिळतं म्हणजे मोकळं, हाही असाच एक गोंधळ. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ मोफत उतरवता येते, दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडाही. पण पुस्तकाचे हक्क मंडळाकडे आहेत आणि लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृत करता येणार नाही, हे आतल्या पानावर छापलेलं असतं. वाचायला फुकट आणि पुन्हा प्रसिद्ध करायला मोकळं, या दोन स्वतंत्र सवलती आहेत.

दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात. विकिपीडियाचा मजकूर आणि विकिमीडिया कॉमन्सवरची पुष्कळ चित्रं ‘सीसी बाय-एसए’ परवान्याखाली असतात (‘सीसी’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, ‘बाय’ म्हणजे श्रेय). इथे परवानगी आधीच दिलेली आहे, पण अटींवर, आणि पहिली अट श्रेयाची. म्हणून इथे श्रेय गाळणं ही एकाच वेळी उचलेगिरी आणि कॉपीराइटभंग होते. श्रेयात पाच गोष्टी हव्यात : कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव किंवा त्याने वापरलेलं सभासदनाव, मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव आवृत्तीसह, आणि तुम्ही काय बदललं. ‘चित्रातील नावे मराठीत केली’ एवढंही बदलासाठी पुरतं. ‘एसए’चा अर्थ असा की तुम्ही केलेलं रूपांतरही त्याच परवान्याखाली खुलं करायचं, ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेलं काम, अगदी भाषांतरसुद्धा, प्रसिद्ध करायचं नाही. क्लासच्या छापील नोट्समध्ये बहुतेक लोक ‘एनसी’वर अडकतात. चूक झालीच तर परवान्याच्या ४.० आवृत्तीत सवलत आहे : चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की परवाना आपोआप पुन्हा लागू होतो.

मग वर्गात रोज जे चालतं ते सगळं बेकायदा का? नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपवादांची मोठी यादी आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेतला उतारा, उत्तरपत्रिकेतला उतारा हे भंग धरले जात नाहीत. खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा यांसाठी वाजवी वापरही चालतो. ऑक्सफर्ड आणि इतर प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसविरुद्ध २०१२ मध्ये दावा लावला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अभ्यासक्रमासाठी उताऱ्यांचे संच काढून देण्याला या अपवादाचा आधार मान्य केला. अपवादाची मर्यादा ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांतच आहे. वर्गात दाखवलेली स्लाइड तिच्यात बसते. तीच स्लाइड सर्वांसाठी खुल्या यूट्यूब वाहिनीवर, जाहिरातींसह, टाकली की हा आधार फार पातळ होतो. आणि अपवाद लागू झाला तरी तो फक्त कॉपीराइटपुरता. वर्गाच्या नोट्समध्ये उतारा कुणाचा हे सांगितलं नाही तर उचलेगिरीचा प्रश्न तसाच राहतो.

विद्यार्थी गोंधळतात ते टक्केवारीवरून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाच्या इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांत. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचे उतारे, प्रमाणित समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य वा योगायोगाचं साम्य यातून वगळायचं असतं. या आकड्यांचा कॉपीराइटशी काडीचाही संबंध नाही. ‘दहा टक्के घ्यायला परवानगी आहे’ हे वाक्य कॉलेजांत सर्रास ऐकू येतं. कॉपीराइट कायद्यात अशी टक्केवारी कुठेही नाही. एका छोट्या लेखातली एकच पण गाभ्याची आकृती घेतली तरी भंग होऊ शकतो.

मराठीत आणखी एक पळवाट आहे. इंग्रजी लेख वाक्यागणिक मराठीत उतरवला की शब्दजुळणीवर चालणारं सॉफ्टवेअर सहसा गप्प बसतं. अहवाल स्वच्छ येतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, सुटलो. भाषांतराचा हक्क कलम १४ प्रमाणे मूळ हक्कधारकाकडे असतो, म्हणून परवानगीविना ते प्रसिद्ध करणं कॉपीराइटभंग. मूळ लेखाचं नाव नाही, म्हणून वाङ्मयचौर्यही. यंत्राला सापडलं नाही एवढंच.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘लेखक अनामिक’ लेख याच वर्गातले. कुणीतरी नाव कापतो, पुढचा ‘आवडलं म्हणून पाठवतोय’ लिहितो. कलम ५७ प्रमाणे आपल्या कामाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, त्याने कॉपीराइट विकून टाकला असला तरी. भारतीय कायद्यात श्रेयाला जो थेट आधार आहे तो या कलमात. ‘कॉपीराइटभंगाचा हेतू नाही’ ही व्हिडिओखालची ओळ मात्र पूर्ण निरुपयोगी आहे. यूट्यूब स्ट्राइक, म्हणजे वाहिनीवर कॉपीराइटभंगाची नोंद, देताना श्रेय दिलं होतं का हे तपासत नाही, हक्कधारकाची तक्रार पाहतं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की वाहिनी बंद होऊ शकते.

तुमचाच लेख कुणी उचलला असेल तर आधी ठरवा, तक्रार कशाची. कल्पना आणि मांडणीचा क्रम घेतला, शब्द आपले वापरले आणि नाव गाळलं, तर कॉपीराइटची नोटीस बहुधा टिकणार नाही; ते लेखन प्रबंधात असेल तर विद्यापीठाच्या समितीकडे, नियतकालिकात असेल तर संपादकाकडे, दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लावून जा. शब्दच उचलले असतील तर संकेतस्थळाला कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे लेखी नोटीस द्या. तीत कामाचं वर्णन, हक्क तुमचा असल्याचा पुरावा, उचललेल्या मजकुराचा नेमका पत्ता, तो कलम ५२ च्या अपवादात का बसत नाही, आणि दावा लावून न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी, एवढं लागतं. पुराव्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तारखेचा मसुदा आणि पहिल्या प्रसिद्धीचा दुवाही चालतो. नोटीस मिळाल्यापासून ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. २१ दिवसांत आदेश आणला नाही तर ते संकेतस्थळ तो पुन्हा सुरू करू शकतं, आणि बरीच प्रकरणं तिथेच थांबतात. दाव्यासाठी उचलणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयातही तो लावता येतो.