साठा वेगळा, ओघ वेगळा

२०२० साली जगभर विमानं जमिनीवर उभी होती, कारखाने थंडावले होते, रस्ते ओस पडले होते. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन त्या वर्षी साधारण पाच टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढी घसरण झालीच नव्हती. तरीही हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत मोजलेलं हवेतलं या वायूचं प्रमाण वाढलंच, आणि तेही जवळपास नेहमीच्याच वेगानं: दहा लाखांत सुमारे अडीच भाग.

मोजमापात घोळ नव्हता. घोळ होतो तो आपल्या अपेक्षेत, कारण साठा (किती साचलंय) आणि ओघ (किती वेगानं येतंय किंवा जातंय) या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात धारणक्षमता, शाश्वतता, जैवसंचय अशा संज्ञांची लांबलचक जंत्री असते. त्यातल्या बऱ्याचशा या एका जोडीतून उलगडतात, आणि ही जोडी नीट समजली तर जंत्री पाठ करावी लागत नाही, असं माझं मत आहे.

टाकीत वरून नळ सुरू आहे आणि खाली बारीक तोटी उघडी आहे. नळ थोडा आवळला, पण तोटीतून जाण्यापेक्षा अजूनही जास्त पाणी पडत असेल, तर पातळी चढतच राहणार. माणूस दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. समुद्र, झाडं आणि माती मिळून त्यातला साधारण निम्मा शोषून घेतात, उरलेला हवेत साठतो. आवक जावकीच्या दुप्पट असताना आवकीत पाच टक्के घट झाली, तर चढण्याचा वेग किंचित मंदावतो, एवढंच. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा प्रमाण दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होतं. आता ते ४२०च्या पुढे गेलंय.

ही चूक अडाणीपणातून होते असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी असंच कोडं घातलं होतं: हवेतलं प्रमाण एका पातळीवर थांबायचं असेल, तर उत्सर्जनाचा आलेख कसा असेल? बहुतेकांनी असे आलेख काढले, ज्यांत आवक जावकीपेक्षा जास्तच राहत होती. पातळी स्थिर हवी म्हणून त्यांनी ओघही स्थिर केला. गणितात तरबेज असलेली ही मुलं!

शाश्वततेची कल्पनासुद्धा मुळात साठ्याच्या काळजीतूनच आली, आणि ती मांडली खाण खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं. जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये खाणींना आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनशास्त्रावर पुस्तक लिहून सांगितलं की, जंगल जेवढं वाढतं तेवढंच तोडा. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं १९८७ मध्ये केलेली शाश्वत विकासाची व्याख्या जास्त प्रसिद्ध आहे: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास. व्याख्या उदात्त आहे, पण तिच्यात मोजता येईल असं काही नाही. कार्लोविट्झ यांचं सूत्र मला त्यापेक्षा उपयोगी वाटतं.

अर्थात ‘वाढतं तेवढं’ हे ठरवणंच अवघड असतं. माशांचंच बघा. मासे अगदी थोडे असतील तर पिल्लं थोडी होतात. समुद्र त्यांनी गच्च भरला असेल, म्हणजे संख्या धारणक्षमतेला (समुद्र जास्तीत जास्त जेवढे मासे पोसू शकतो त्या मर्यादेला) टेकली असेल, तर खाद्य अपुरं पडतं आणि वाढ खुंटते. सर्वांत वेगानं वाढ होते ती या दोन टोकांच्या मध्ये, ढोबळमानानं निम्म्या साठ्यावर. म्हणून साठा निम्म्यावर ठेवून दरवर्षीची वाढ तेवढी काढून घ्यायची, हा कागदावरचा आदर्श. पण समुद्रातले मासे मोजायचे कसे? मोजला जातो तो जाळ्यात आलेला माल, म्हणजे ओघ.

कॅनडाच्या न्यूफाउंडलँडजवळ कॉड मासा शतकानुशतकं पकडला जात होता. कारखान्यासारखी मोठी जहाजं आली आणि १९६८ मध्ये पकड ८ लाख टनांवर गेली. मग ती कोसळली, परदेशी जहाजांना बंदी झाली, थोडी सुधारणा दिसली. घात झाला तो पुढे. उरलेसुरले कॉड दाट थव्यांनी एकत्र येत होते आणि ध्वनिलहरींच्या यंत्रांनी ते थवे हमखास सापडत होते. जाळी भरत होती, म्हणजे मासे भरपूर आहेत, असा अर्थ लावला गेला. जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी थांबवावी लागली, तेव्हा साठा एकेकाळच्या काही टक्क्यांवर आला होता. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी तात्पुरती म्हणून घातली होती, ती तीन दशकं टिकली.

अर्थतज्ज्ञ हर्मन डॅली यांनी या सगळ्याचे तीन साधे नियम केले. पुन्हा तयार होणारी संपत्ती तिच्या वाढीच्या वेगानंच वापरा. संपणारी संपत्ती पर्याय उभा राहील त्या वेगानं. आणि कचरा निसर्ग पचवू शकेल त्या वेगानं सोडा. कार्यक्षमता वाढवली की हे आपोआप साधेल, असं समजू नये. कमी कोळशात जास्त काम करणारी वाफेची इंजिनं आल्यावर ब्रिटनमध्ये कोळशाचा खप उलट वाढला, हे विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवलं होतं.

तिसरा नियम सर्वांत कठीण, कारण प्रत्येक पदार्थाची तोटी वेगळी. डीडीटी हे कीटकनाशक चरबीत विरघळतं आणि शरीराबाहेर फारसं पडत नाही, साठत जातं; हाच जैवसंचय. त्यामुळे पाण्यात नगण्य असलेलं हे विष प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) माशांत, माशांतून पक्ष्यांत जाताना प्रत्येक पायरीवर दाट होत जातं. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनांपैकी काही हवेत शंभरेक वर्षं टिकतात. मॉन्ट्रियल करार १९८७ मध्ये झाला, उत्पादन जवळजवळ बंद झालं, तरी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र अजून दरवर्षी पडतं. तिथला थर १९८०च्या पातळीवर यायला २०६६च्या आसपासचा काळ लागेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. करार फसला असं म्हणणारे लोक तोटीचा आकार विसरतात.

मिथेनची तोटी मात्र मोठी आहे. पहिल्या वीस वर्षांत हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट उष्णता धरून ठेवतो, पण हवेत सरासरी बाराएक वर्षंच टिकतो. म्हणजे त्याची आवक कमी केली तर साठा एका पिढीच्या आतच उतरू लागतो. २०२१ मध्ये अनेक देशांनी २०३०पर्यंत मिथेन उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प सोडला, त्यामागे हेच गणित आहे. त्यातला सोपा भाग म्हणजे तेल-वायूच्या विहिरी आणि वाहिन्यांमधली गळती: ती आता उपग्रहांना दिसते, आणि गळणारा वायू हा विकाऊ माल असल्यानं ती बुजवण्याचा खर्च बऱ्याचदा भरूनही निघतो. गुरांच्या पोटातून आणि पाणी साचलेल्या भातखाचरांतून येणाऱ्या मिथेनला असं झाकण लावता येत नाही. तिथे चाऱ्यात बदल करणं, खाचरं अधूनमधून कोरडी पडू देणं असे उपाय एकेका शेतात जाऊनच करावे लागतात.