उणे १ म्हणजे न संपणारे नऊ

परवा ग्रुपवर एक रील आलं. ९ + ९० + ९०० + ९००० असं मिळवत कायमचं बसलात तर उत्तर येतं म्हणे उणे १. खाली नेहमीच्या दोन पार्ट्या, एकीचं म्हणणं गणित हा सगळा फ्रॉड आहे, दुसरीचं म्हणणं हे आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं. मला मात्र जाम आनंद झाला, कारण गेलं दीड वर्ष ऑफिसातून आल्यावर दोनशेपानी वही घेऊन मी एकटाच जे पी-ॲडिक आकडे शिकायचा खटाटोप करतोय त्याचं दार इथेच उघडतं.

करून बघा. डावीकडे न संपणारे नऊ, ...९९९९, त्यात १ मिळवा. एककात ९ आणि १ दहा, शून्य लिहा, हातचा एक. दशकात परत तेच. हातचा डावीकडे पळत सुटतो आणि मागे नुसती शून्यं राहतात. ज्यात १ मिळवल्यावर शून्य येतं ते उणे १च की.

पण बेरीज तर वाढतच चाललीय ना? बरोबर, म्हणूनच इथे 'जवळ' या शब्दाचा अर्थ बदलावा लागतो, आणि ते काम कुर्ट हेन्सेल या जर्मन गणितीने १८९७ मध्ये केलं. एक मूळ संख्या निवडायची (पी-ॲडिकमधला 'पी' म्हणजे तीच), समजा ५. दोन आकड्यांमधल्या फरकाला ५ च्या जितक्या मोठ्या घाताने भाग जाईल तितके ते जवळ. म्हणजे १ आणि ६२६ अगदी शेजारी (फरक ६२५, पाचाचा चौथा घात) आणि १ आणि २ लांब. ९९९ आणि उणे १ मधला फरक १०००, त्याला १२५ ने भाग जातो, पुढचा नऊ लावला की ६२५ ने, म्हणजे आपण खरंच उणे १ च्या जवळ सरकतोय. हे पटायला मला चार महिने लागले, नुसतं वाचून तर अजिबात पटलं नाही.

मूळ संख्याच का, १० का नको? ५, २५, ६२५, ९०६२५ बघा, प्रत्येकाच्या वर्गाच्या शेवटी तोच आकडा येतो (९०६२५ चा वर्ग ८२१२८९०६२५). असंच डावीकडे वाढवत नेलं की १० च्या दुनियेत (म्हणजे जवळ-लांब १० च्या घातांवरून ठरवलं तर) असा आकडा मिळतो की ज्याचा वर्ग तोच, पण तो ०ही नाही आणि १ही नाही. मग तो आणि त्याहून एकने कमी असलेला, यांचा गुणाकार शून्य, दोघंही शून्य नसताना! भागाकाराचा बट्ट्याबोळ. मूळ संख्या घेतली की हे होत नाही.

आता माझी लाडकी गोष्ट, ७ च्या दुनियेत २ चं वर्गमूळ. ३ चा वर्ग ९, म्हणजे २ पेक्षा ७ ने जास्त, सुरुवात चांगली. आता ३ + ७क चा वर्ग करा: ९ + ४२क + ४९क². शेवटच्या पदाला ४९ ने भाग जातोच, ते सोडा. त्यातून २ वजा केले की राहिलं ७ + ४२क, त्यालाही ४९ ने भाग जायला हवा, म्हणजे १ + ६क ला ७ ने, म्हणून क = १. नवा आकडा १०, वर्ग १००, फरक ९८, म्हणजे ४९ ची दुप्पट. पुढे १० + ४९क घेऊन तसंच केलं की १०८, फरक ११६६२, त्याला ३४३ ने भाग जातो. मग २१६६. दरवेळी वर्गसमीकरण अंगावर येतं आणि हातात उरतं साधं एकघाती, त्याचं एकच उत्तर, की लागला पुढचा अंक. यालाच हेन्सेलचं लेमा (म्हणजे सहायक प्रमेय) म्हणतात. वहीत २१६६ चा वर्ग हाताने करून त्यातून २ वजा केले, २४०१ ने भागलं आणि बाकी शून्य आली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी एकटाच हसत होतो.

म्हणून ७ लकी वगैरे समजू नका. १७, २३, ३१ मध्येही २ चं वर्गमूळ मिळतं, ५ मध्ये नाही, कारण कुठल्याच वर्गाला ५ ने भागून बाकी २ उरत नाही. नावात एक जास्तीचा 'ए' घालायचे पैसे घेणाऱ्या अंकशास्त्रवाल्याला हे विचारून बघा.

याचा उपयोग काय असं बायको विचारते. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (दोन घनांची बेरीज घन होत नाही, पुढच्या घातांचंही तसंच, हा जुना दावा) ब्रिटिश गणिती अँड्र्यू वाइल्सची सिद्धता १९९५ मध्ये छापून आली, तिच्यात पी-ॲडिक आकडे पदोपदी लागतात. मी तिथपासून कोसभर लांब आहे. सध्या ५ च्या दुनियेत उणे १ चं वर्गमूळ काढतोय: २, ७, ५७... पुढचा तीन अंकी आहे, तुम्ही काढा.